रतनवाडी, काजवे आणि पिवळं पाकीट

दोस्तांनो, सहलीला जायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? डोंगर, धबधबा, बसमधल्या भेंड्या, चुलीवरची भाकरी! हो ना? आणि हिशेबाची वही? ती कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. ती येते फक्त बिचाऱ्या खजिनदाराच्या डोळ्यांसमोर.

आज मी तुम्हांला एका सुंदर गावाला नेणार आहे. पण आपल्याबरोबर ती हिशेबाची वहीही येणार आहे बरं का! ती का, ते शेवटी तुम्हीच मला सांगाल.

आमच्या पुण्यातल्या कॉलनीत मुलांचा एक वाचनकट्टा आहे. दर रविवारी जमायचं, पुस्तकं वाचायची, गप्पा मारायच्या. गेल्या वर्षी ठरलं, की मे महिन्याच्या अखेरीस तीन दिवसांचं शिबिर करायचं, आणि तेही काजव्यांच्या गावात. २४ मुलं आणि आम्ही ४ मोठी माणसं, मिळून २८ जण. गाव ठरलं रतनवाडी.

नकाशा काढा पाहू. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. त्यातला अकोले तालुका. या तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची उंच भिंत उभी आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) इथलंच. जवळच भंडारदऱ्याचं विल्सन धरण आहे. प्रवरा नदीवरचं हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या मागे पसरलेला तलाव म्हणजे आर्थर लेक. या तलावाला वळसा घालत घालत, जंगलातून रस्ता जातो आणि अगदी टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी, रतनवाडी लागते.

जागा ठरली. आता पैसे!

आमच्या कट्ट्याची खजिनदार नववीतली मुलगी. गणितात हुशार, आणि बोलायला फटकळ. तिने वहीत असा अंदाज मांडला: मिनीबस २४,००० रुपये. गावात दोन रात्री राहणं आणि सगळी जेवणं, माणशी १,००० प्रमाणे २८,०००. वाटेतला चहा-नाश्ता ३,०००. गडावर नेणारे दोन वाटाडे २,०००. अभयारण्याचं प्रवेशशुल्क आणि गाडीतळ १,५००. औषधं, दोरी, बॅटऱ्या वगैरे १,५००. एकूण बरोबर ६०,०००.

“झालं की मग!” एक जण म्हणाला, “भागिले अठ्ठावीस.”

“थांब,” खजिनदारबाई म्हणाल्या. “भागिले सत्तावीस.”

याचं कारण सांगतो. आमच्या कट्ट्याचा एक जुना नियम आहे. कुठेही जायचं तर एक जागा ‘कट्ट्याची’ धरायची. ज्याला वर्गणी भरणं त्या वेळी जमत नसेल, त्याने ती घ्यायची. कुणी घेतली, हे फक्त खजिनदाराला आणि आम्हां मोठ्यांना ठाऊक. नियम सगळ्या पालकांना माहीत असतो, नाव मात्र कुणी विचारत नाही.

तर ६०,००० भागिले २७ म्हणजे साधारण २,२२२ रुपये. पण खजिनदाराने वर्गणी लिहिली २,४५०! मग काय, गलका झाला. जास्तीचे सव्वादोनशे कशाला?

“न ठरलेल्या खर्चासाठी,” ती म्हणाली.

“पण न ठरलेला खर्च तू आधीच कसा ठरवलास?”

प्रश्न खोचक होता. उत्तरही तसंच आलं. “कशावर होणार ते ठरवलेलं नाही. होणार, एवढंच ठरवलंय!”

सत्तावीस जणांचे जमले ६६,१५० रुपये. त्यातले ६०,००० वहीतल्या खर्चाचे. उरलेले ६,१५० तिने एका पिवळ्या पाकिटात घातले, वर चिकटपट्टी लावली आणि लिहिलं, ‘राखीव’. तेही सगळे रोख, आणि सुट्ट्या नोटांत. आजकाल आपण मोबाईलवरून पैसे देतो. पण डोंगरात रेंजच नसेल, तर खात्यातले पैसे खात्यातच राहतात!

पाकीट भरलं न भरलं, तोच त्याच्यावर पहिला हल्ला झाला. “सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट करू या. २२० रुपयांना एक. २८ टी-शर्टचे होतात ६,१६०. फक्त दहा रुपये कमी पडतायत, ते मी घालतो!” बहुतेकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगू का? मलाही टी-शर्ट हवा होता. पण खजिनदाराने मान हलवली ती हलवलीच. “टी-शर्ट हवेत तर वर्गणीत धरा. पाकिटातून मिळणार नाहीत.” टी-शर्ट बारगळले.

बस निघाली. संगमनेर, अकोले, राजूर मागे टाकून दुपारी आम्ही तलावाच्या कडेने चाललो होतो. उन्हाळ्यामुळे पाणी खूप आटलेलं. काठावर चिखलाला भेगा पडलेल्या. रतनवाडीत उतरलो आणि चालकदादांनी हळूच विषय काढला. टोलचे ६४० झाले, आणि रात्रीच्या मुक्कामाचा भत्ता रोजचे ४००, दोन रात्रींचे ८००. ते भाड्यात धरलेले नव्हते. आम्ही गाडी ठरवताना विचारलंच नव्हतं! चूक आमचीच.

पाकीट पहिल्यांदा उघडलं. १,४४० गेले. उरले ४,७१०.

खजिनदाराचा चेहरा पडला. “हा अचानक आलेला खर्च नाहीच काका. हा विसरलेला खर्च आहे.” किती खरं बोलली! तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं: ‘पुढच्या वेळी विचारणे. टोल कोणाकडे? चालकाचा भत्ता? चालकाचं जेवण?’

आमची राहण्याची सोय एका काका-मावशींच्या घरी होती. मुली घरात, मुलगे अंगणातल्या मांडवात. संध्याकाळी अमृतेश्वराचं देऊळ बघायला गेलो. काळ्या दगडातलं, नखशिखान्त कोरलेलं हे शिवमंदिर सुमारे हजार वर्षांपूर्वीचं, शिलाहारांच्या काळातलं मानतात. खांबांवर, छतावर, भिंतींवर नक्षीच नक्षी. जवळच देवकोष्ठं असलेली चौकोनी पुष्करणी आहे. पायऱ्यांवर बसलं की समोर रतनगड दिसतो. त्याच डोंगरात प्रवरा उगम पावते. पुढे हीच नदी नेवाशाला जाते, जिथे ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, आणि मग गोदावरीला मिळते.

आणि अंधार पडल्यावर, दोस्तांनो, काजवे!

एका झाडावर आधी चार-दोन ठिपके लुकलुकले. मग अख्खं झाड. मग शेजारचं झाड. एक झाड विझायचं आणि दुसरं पेटायचं. जणू झाडं एकमेकांशी बोलत होती. खरं तर बोलतच असतात, झाडं नव्हे, काजवे! नर उजेडाची उघडझाप करून मादीला ‘मी इथे आहे’ असं सांगतो. त्याच्या पोटात रासायनिक क्रिया होऊन हा थंड उजेड तयार होतो. आपण बॅटरी मारली, गाडीचे दिवे लावले, तर त्यांचं हे बोलणंच तुटतं. म्हणून आम्ही बॅटऱ्या बंद करून, गप्प बसून पाहिलं. २८ माणसं अर्धा तास गप्प! आमच्या कट्ट्याच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं.

रात्री साडेबाराला आभाळ गडगडलं. वळवाचा पाऊस! मांडवातून धारा लागल्या. मुलगे अंथरुणं डोक्यावर घेऊन पडवीत पळाले आणि रात्र दाटीवाटीने बसून काढली. सकाळी काकांबरोबर शेंडीला माणूस पाठवला. जाड प्लास्टिकचा कागद आणि सुतळी मिळून, जाण्यायेण्यासकट १,१५० रुपये. उरले ३,५६०.

वळीव कधी येणार ते कुणालाच सांगता येत नाही. पण मे अखेरीस येऊ शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस तर याच घाटमाथ्यावर पडतो. म्हणून तर मावशींच्या घरी पावसाळ्याची बेगमी आधीच झाली होती. पडवीत छतापर्यंत सरपण, कणगीत भात, मडक्यांत डाळी. एका मडक्यात राखेत घोळवलेल्या शेंगांच्या बिया होत्या. आमच्यातल्या एकाने विचारलं, “मावशी, या कधी शिजवणार?”

मावशी हसल्या. “ह्या शिजवायच्या न्हाईत बाळा. बी हाय ते. घरात भाजी नसली तरी बियाला हात लावायचा न्हाई.”

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी गावरान बियाणं जपून बियाण्यांची बँकच उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या खजिनदाराने मडक्याकडे पाहिलं, मग आपल्या पिशवीकडे. काही बोलली नाही, पण पिशवीची चेन नीट लावली.

पहाटे पाचला आम्ही रतनगड चढायला लागलो. प्रवरेचं कोरडं पात्र ओलांडायचं, दाट झाडीतून चालायचं, आणि शेवटी लोखंडी शिड्या चढायच्या. गडाच्या माथ्यावर आहे ‘नेढं’, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भलंमोठं भोक. सुईचं नेढं असतं ना, तसं! आत बसलं की असा वारा लागतो की टोपी धरून ठेवावी लागते. रात्री झोप झालेली नव्हती, तरी तिथून कुणी उठायला तयार नव्हतं.

दुपारी खाली उतरलो आणि दुसरा हल्ला झाला. “आर्थर लेकमध्ये नावेत बसू या! माणशी शंभरच रुपये. पाकिटात आहेत की साडेतीन हजार. उद्या तर घरी जायचं. आता कसला अचानक खर्च येणार?”

एक रात्र तर उरली होती. मुलं चांगली वागली होती. मलाही वाटलं, देऊन टाकावेत २,८००. मी खजिनदाराकडे पाहिलं. तिने तीन बोटं वर केली.

“पाकिटातून द्यायचं तर तीन प्रश्न. अचानक आलंय का? गरजेचं आहे का? थांबवता येणार नाही असं आहे का? तिन्ही ‘हो’ असतील तर देते.”

नावेला तिन्हींची उत्तरं ‘नाही’. कुणी तिला ‘कंजूष’ म्हटलं, कुणी तोंड फिरवलं. जेवताना तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. ती एकटीच भाकरी कुस्करत होती. मोठ्या माणसांनाही नको म्हणणं जड जातं, तर तिला किती गेलं असेल!

आणि रात्री साडेनऊला मांडवाकडून किंकाळी आली.

सरपणाच्या ढिगाजवळ सातवीतल्या एका मुलाला विंचू चावला होता. बोट लाल झालं, हात ठणकायला लागला, पोराला दरदरून घाम फुटला. कुणी म्हणालं दोरी बांधा, कुणी म्हणालं मंत्र घालणारा बोलवा. वाटाड्यादादा मात्र म्हणाले, “काही बांधू नका, चिरू नका. सरळ राजूरला न्या.” हेच बरोबर होतं. लाल विंचवाचं विष हृदयावर परिणाम करतं. पूर्वी यात कितीतरी मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या रुग्णांवर काम करून दाखवून दिलं, की रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध वेळेत दिलं तर रुग्ण वाचतो. २०२२ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. पण ‘वेळेत’ हा शब्द महत्त्वाचा!

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत असते, हे आम्हांला माहीत होतं. पण मोबाईलला रेंज नव्हती, आणि ती मिळाली असती तरी गाडी त्या वळणांनी येणार आणि मग परत जाणार. गावातल्या एका काकांची जीप दारातच उभी होती. ते म्हणाले, “जाऊन येऊन पंधराशे.” खजिनदाराने क्षणाचाही विचार केला नाही. तिने पाकीट माझ्या हातात दिलं. तीन प्रश्नसुद्धा विचारले नाहीत!

जीप अंधारातून निघाली. पोरगा माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होता. मध्येच हळू आवाजात म्हणाला, “काका, मी तर वर्गणी दिलीच नाही. आणि आता सगळ्यांचे पैसे माझ्यावरच खर्च होणार.”

मला पटकन उत्तर सुचेना. जीपवाले काका पुढून म्हणाले, “आमच्याकडं पावसात कुणाचं घर गळलं तर सगळा गाव गवत घेऊन जातो. आधी कुणी किती दिलं, ते कोण इचारतंय? गप पड तू.”

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच उपचार सुरू केले. रात्रभर नाडी, रक्तदाब तपासत राहिले. औषधाला पैसे पडले नाहीत. पहाटे पोराच्या अंगावरचा घाम ओसरला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, “नाश्त्याला काय आहे?” तेव्हा आमच्या जिवात जीव आला. दूध-बिस्किटांचे ११० झाले. काकांनी रात्रभर थांबण्याचे पैसे मागितलेच नाहीत. पण रात्रभर जागलेल्या माणसाला पंधराशेच कसे द्यायचे? आम्ही दोन हजार दिले. पाकिटात पैसे होते, म्हणून देता आले.

आता गणित करा. ३,५६० वजा २,११० बरोबर १,४५०. आणि दुपारी नावेत बसलो असतो तर? पाकिटात उरले असते ७६० रुपये.

आमची जीप गावात शिरली तेव्हा सगळी पोरं रस्त्यावर उभी होती. आधी मित्राला गराडा पडला. मग नावेसाठी सर्वांत जास्त हट्ट धरणारा मुलगा खजिनदाराजवळ गेला आणि म्हणाला, “नाश्ता झाला का तुझा? चल, बसू या.” एवढंच. पण तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दोस्तांनो, ही युक्ती आमच्या खजिनदाराची नाही बरं. आजी डाळीच्या डब्यात नोटा ठेवते, ती हीच. आपला देशसुद्धा तेच करतो! राज्यघटनेच्या २६७ व्या कलमात ‘आकस्मिकता निधी’ची तरतूद आहे. अंदाजपत्रकात न धरलेला तातडीचा खर्च आला तर त्यातून पैसे काढता येतात, आणि मग संसदेची मंजुरी घेऊन तो निधी पुन्हा भरून ठेवावा लागतो. २०२१ साली या निधीची रक्कम ५०० कोटींवरून ३०,००० कोटी रुपये करण्यात आली. आमचं ६,१५० रुपयांचं पिवळं पाकीट त्याचंच धाकटं भावंड!

पुण्याला आल्यावर पुढच्या रविवारी खजिनदाराने सगळा हिशेब पालकांसमोर वाचून दाखवला. टोल विसरल्याची चूकही वाचली, लपवली नाही. उरलेले १,४५० वाटले असते तर प्रत्येकी ५३ रुपये आणि काही पैसे आले असते. मत घेतलं. सगळे हात एकाच बाजूने वर गेले: पैसे पाकिटातच राहू द्यायचे, पुढच्या शिबिरासाठी.

तुमची शाळेची सहल असेल, गल्लीतला गणपती असेल, गॅदरिंग असेल, तर करून बघा. आधी सगळा खर्च लिहा. मग तो एखाद्या मोठ्याला दाखवून ‘यात काय विसरलंय?’ असं विचारा. त्यावर दहा टक्के वेगळे काढा. पाकीट अशा माणसाच्या हाती द्या, ज्याला ‘नाही’ म्हणता येतं. आणि त्याने ‘नाही’ म्हटलं, तरी जेवताना त्याच्या शेजारी बसा!

आमचं पिवळं पाकीट सध्या कट्ट्याच्या कपाटात आहे. आत १,४५० रुपये आहेत. आणि हो, वहीतल्या पुढच्या शिबिराच्या अंदाजात या वेळी एक नवीन ओळ आहे: ‘नाव, माणशी १०० रुपये.’ ती खजिनदाराने स्वतःच्या हाताने लिहिली आहे.